रीळ कोणाच्या हाताचं?

अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात पहिल्यांदा येणारा माणूस दारातच विचारतो, ते रीळवाले कुठे बसतात? मी हात वर करते. तो माझ्या मागे बघतो. माझ्या मागे लेथ मशीन असतं आणि लेथच्या मागे गावडेकाका. मग तो खूश होऊन काकांकडे जातो आणि आपल्या रिळाची सगळी कुंडली मांडतो. काका त्याला पूर्ण बोलू देतात, मध्ये हुंकारही देतात. शेवटी हनुवटीने माझी दिशा दाखवून म्हणतात, "डॉक्टरीण थंय बसली हा."

मला हे सोयीचं पडतं. तेवढ्या वेळात मी रीळ लांबून बघून घेते आणि माणसाशी बोलायची तयारी करते. दुसऱ्या कामाला मला जास्त वेळ लागतो.

धंदा काय तो आधी सांगते, कारण आजकाल रीळ म्हटलं की लोक फोन पुढे करतात. माझं रीळ म्हणजे गळाच्या दांडीला लावलेली चक्री. तिच्यावर दोरी गुंडाळलेली असते. मासा लागला की मूठ फिरवून दोरी आत घ्यायची. एवढंच. पण या चक्रीला दोन उलटी कामं करावी लागतात. दोरी आत घेताना तिने सहज फिरायला हवं. मासा दोरी ओढून पळतो तेव्हा मात्र जरा हट्ट करायला हवा, नाहीतर चक्री सुसाट सुटते आणि दोरीच्या शेवया होतात. जुन्या विलायती रिळांत हे दोन्ही स्वभाव नखाएवढ्या एका पोलादी तुकड्यात बसवलेले असतात. आम्ही त्याला जीभ म्हणतो. स्प्रिंगच्या जोरावर ती दात्यांवर टेकून असते. चक्री एका बाजूला फिरवली तर दाते जिभेवरून घसरतात, दुसऱ्या बाजूला फिरवली तर अडखळतात. ही जीभ काढून उलटी बसवली की उजव्या हाताचं रीळ डाव्या हाताचं होतं. ही जीभ लक्षात असू द्या.

रिळं मी दोन कारणांसाठी गोळा करते. काही लोकांची असतात, दुरुस्त करून परत द्यायची. काही माझी, म्हणजे कोणालाच नको असलेली. त्यातली बरीचशी गोवंडीच्या एका भंगारवाल्याकडून येतात. त्याच्या लेखी ही वस्तू म्हणजे "मछली पकडने का मिक्सर". नवं काही आलं की तो फोन करून सांगतो, "मॅडम, मिक्सर आया है," आणि मी हातातलं काम टाकून निघते. घरी आईला वाटतं मी खरंच मिक्सर आणणार आहे.

कामाची पद्धत साधी आहे. उघडण्याआधी प्रत्येक टप्प्याचा फोटो. मग स्क्रू काढायचे आणि ज्या भोकातला स्क्रू त्याच भोकात परत जाईल असे वेगवेगळे ठेवायचे. शंभर वर्षं एका भोकात राहिलेला स्क्रू शेजारच्या भोकात बसत नाही, रुसतो. यासाठी मी आईचा मसाल्याचा डबा वापरते. हळदीच्या वाटीत वरचे स्क्रू, मोहरीच्या वाटीत स्प्रिंगा. आईने दुसरा डबा घेतला आहे आणि तो ती कपाटात ठेवते. सुटे भाग रॉकेलमध्ये बुडवायचे, जुन्या टूथब्रशने खारट मळ काढायचा, आणि थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड. पितळेवरचा काळपट रंग हा मळ नसतो, ते त्याचं वय असतं. गावडेकाकांना हे अजून पटलेलं नाही. "गो चेडवा, चिंच लाव आणि चकचकीत कर मगे," ते म्हणतात. त्यांच्यासाठी मी एका रिळाची फुटकी पितळी बाजू ठेवली आहे, तिला ते दर दसऱ्याला चिंच लावतात.

लेथचं काम मात्र त्यांचं. एखादा दांडा वाकलेला असतो, मूठ हरवलेली असते, ती ते करून देतात. मला लेथ जमत नाही, कारण त्याची सगळी चाकं उजव्या हाताला आहेत आणि मी डावखुरी आहे.

गिऱ्हाइकांबद्दल मी फारसं बोलत नाही. पण एक सांगायला हरकत नाही. जवळच्या स्टुडिओतून एक कलादिग्दर्शक आला. त्याला एका म्हाताऱ्या खलाशाच्या सीनसाठी जुनं रीळ हवं होतं. मी माझं सर्वांत देखणं रीळ काढून दिलं. त्याचा गंज काढण्यात माझा अख्खा पावसाळा गेला होता. परत आलं तेव्हा त्यावर नवा गंज होता. ब्रशने रंगवलेला. तो म्हणाला, ते फार चांगल्या घरातलं वाटत होतं. काका तिकडून म्हणाले, "आता ह्येका चिंच लावू काय?"

आणखी एक गोष्ट मी कोणाला सांगत नसे. इतकी रिळं माझ्या हाताखालून गेली, पण मी स्वतः कधी गळ टाकला नव्हता. मला भीती वाटायची. माशाची नाही. गळ टाकणारी माणसं रांगेत बसतात आणि एकमेकांच्या हाताकडे बघतात, त्या बघण्याची. गिऱ्हाइकांनी विचारलं, तुम्ही कुठे जाता गरवायला, तर मी म्हणायची, सध्या वेळच मिळत नाही. हे खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

या सगळ्याचा निकाल यंदा लागला. लावला हिरामावशी आणि काशीमावशीने.

दोघी वेसाव्याच्या कोळणी, सख्ख्या जावा, आणि कांदिवलीच्या आमच्या बाजारात शेजारी-शेजारी टोपल्या लावून बसतात. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण गिऱ्हाइकाच्या तोंडून. आई पापलेट एकीकडून आणि कोळंबी दुसरीकडून घेते, म्हणजे कोणाला राग नको. आपली मुलगी गळाची जुनी यंत्रं दुरुस्त करते हे आईनेच त्यांना सांगितलं. नारळी पौर्णिमा जवळ आली होती, आणि एका दुपारी दोघी गाळ्याच्या दारात उभ्या राहिल्या. एकाच रिक्षातून आल्या होत्या, पण रिक्षावाल्याने सांगितलं, सगळा रस्ता दोघी त्याच्याशीच बोलत होत्या.

हिरामावशीने पदराखालून पिशवी काढली. पिशवीत रीळ होतं. मोठं, विलायती, पितळी कडेचं, मूठ हस्तिदंती रंगाची, आणि मिठाने पार अडकलेलं. मी आजवर फक्त फोटोत पाहिलेलं. मला वाटतं मी श्वास घ्यायला विसरले, कारण काकांनी लेथ बंद केलं.

दोघींनी आपापलं स्टूल धरलं आणि माझ्यामार्फत हकीकत सांगितली. त्यांचे सासरे हौशी साहेबलोकांना होडीतून मासे धरायला न्यायचे. त्यातल्या एकाने कायमचं विलायतेला जाताना हे रीळ त्यांना दिलं. सासऱ्यांनी ते कधीच वापरलं नाही. जाळं असताना एकेक मासा कोण धरत बसेल? ते माळ्याच्या खिळ्याला टांगलं गेलं. सासूने दोघी सुनांना ताकीद दिली होती की बाईमाणसाने दर्यात गरी टाकायची नाही, दर्या कोपतो. हात लावाल तर कान पिरगळीन. पण रिळाची दोरी कधीकधी ओली असायची. तेलपाणी केलेलं असायचं. घरातलं कोणीतरी ते चोरून वापरत होतं.

"तिला विचार," काशीमावशी मला म्हणाली, "दोरी ओली कशी असायची?"

"तिलाच विचार म्हनावं," हिरामावशी म्हणाली. "रातच्याला दार कोन उघडायचं?"

"तिला सांग, मी उलटीला उठायची. पोटात पोर होतं."

"सांग तिला, पोर नऊ महिने असतं. दोरी बारा महिने ओली."

मी मान एकीकडून दुसरीकडे वळवत होते. निरोप पोचवायची गरज नव्हती, गाळा आठ फुटी आहे.

भांडण खरं चिघळलं ते सासूच्या शेवटच्या शब्दांनी. म्हातारी जाताना म्हणाली होती, ज्या हाताची त्याला सवय आहे, त्याच हातात ते द्या. म्हणजे म्हातारीला चोर माहीत होता आणि तिने त्याला माफ करून वर बक्षीस दिलं होतं. दोघींपैकी प्रत्येकीला खात्री होती की चोर दुसरी आहे. आणि प्रत्येकीचं म्हणणं होतं की चोराला बक्षीस कसलं, मी चोरी केली नाही, म्हणून रीळ माझं. तेव्हापासून रीळ पुन्हा खिळ्यावरच होतं.

यंदा कोळीवाड्यातल्या पोरांनी बायकांसाठी गरीची स्पर्धा ठेवली होती. दोघींनी नावं दिली आणि दोघींनी सांगितलं, मी म्हातारीच्या रिळानेच खेळणार. शेवटी ठरलं असं: रीळ दुरुस्त करून आणायचं, स्पर्धेआधी धक्क्यावर दोघींनी सगळ्यांसमोर एकेकदा टाकायचं. ज्या हातात ते नीट चालेल तो हात सवयीचा आणि रीळ त्याचं, मग त्याला कोणी चोर म्हटलं तरी. रीळच न्याय देईल. हे ऐकून मला घाम फुटला. माझ्या हातून स्प्रिंग जरा सैल राहिली असती तर एका घराचा निकाल फिरला असता.

त्या दिवसांत मी दुसरं काही केलं नाही. मीठ विरघळवलं, दाते एकेक करून साफ केले, जीभ होती तशीच परत बसवली. सगळं जुळवल्यावर मूठ धरून फिरवलं. ते लोण्यासारखं फिरलं. उलटं ओढलं तर कर्रर्र असा भरीव, समाधानी आवाज. मी ते पुन्हापुन्हा फिरवत बसले. काका म्हणाले, "खुळावलंस काय गो?" खरं सांगायचं तर मला ते परत द्यायचं नव्हतं. असं मला क्वचित होतं, आणि झालं की मी वस्तू लगेच कागदात गुंडाळून टाकते.

स्पर्धेच्या सकाळी धक्क्यावर सगळा वाडा लोटला होता. लुगड्यातल्या बायका, केसांत गजरे, हातात गळ. एक पोरगा माइकवर बोलत होता आणि भोंगा खाडीपलीकडे ऐकू जात होता. मी आईसक्रीमच्या गाडीमागे जागा शोधली होती.

पहिला मान थोरल्या जावेचा. हिरामावशीने रीळ दांडीला बांधलं, मूठ उजव्या हाताला घेतली, दोरी भरली, गळाला कोळंबी लावली आणि दोरीच्या टोकाचं शिसं भिरकावलं. चक्री सुसाट सुटली. थांबेचना. क्षणात तिच्या हातात दोरीचा घरट्यासारखा गोळा होता. ती मूठ फिरवून दोरी ओढायला गेली तर रीळ दात खाऊन बसलं. काशीमावशी आकाशाकडे बघून हसली. मग तिची पाळी आली. गोळा सोडवून तिने टाकलं, उजव्याच हाताने, आणि तसाच दुसरा गोळा झाला.

आता हिरामावशीने आकाशाकडे बघायला हवं होतं. पण दोघींनी एकाच वेळी आईसक्रीमच्या गाडीकडे बघितलं.

"पोरीन बिघडवलं," काशीमावशी म्हणाली. जावेबद्दल नसलेलं तिचं हे पहिलंच वाक्य मी ऐकलं.

माइकवाल्याने विचारलं, "मॅडम, मशीन फेल हाय काय?" खाडीने ते परत विचारलं.

मी पुढे गेले. पाय कोणाचे होते माहीत नाही. रीळ हातात घेतलं, फिरवून बघितलं, लोणी. काशीमावशीने हिसकावून फिरवलं, खडखड. मी परत घेतलं, लोणी. लोक हसायला लागले. आणि तेव्हा माझं लक्ष माझ्या स्वतःच्या हाताकडे गेलं. मी ते डाव्या हाताने फिरवत होते. गाळ्यातही डाव्यानेच फिरवलं होतं, आणि इतकं बरं वाटलं होतं की हे बरं का वाटतंय असा प्रश्नच पडला नाही. उजव्या हाताच्या कुठल्याही माणसाने पहिल्या मिनिटात ओळखलं असतं की जीभ उलटी आहे.

उपाय सोपा होता. जीभ काढून पालटायची. मसाल्याचा डबा नव्हता, म्हणून मी स्क्रू कुठे ठेवू असं इकडेतिकडे बघितलं. हिरामावशीने तळवा पुढे केला. काशीमावशीनेही केला. वरचे स्क्रू एकीच्या हातात, खालचे दुसरीच्या, आणि दोघींना हात न हलवता शेजारी उभं राहावं लागलं. मी जीभ उलटी बसवली. ती दात्यांवरून नुसतीच घसरली. पकडेना. काढून उन्हात धरली तेव्हा कळलं: तिचा एकच खांदा झिजला होता, डाव्या हाताने फिरवताना दात्यांवर घासणारा. पार पातळ, काचेसारखा गुळगुळीत. दुसरा खांदा कारखान्यातून आला तसा.

पोलाद चार-दोनदा चोरून वापरल्याने असं झिजत नाही.

मी काहीतरी पुटपुटले. माइकवाल्याने माइक माझ्या तोंडाशी आणला आणि माझा आवाज, जो वर्गात मागच्या बाकापर्यंत कधी गेला नाही, पार मढपर्यंत गेला.

"हे रीळ डावखुऱ्या माणसाने वापरलंय. खूप वर्षं. घरात डावखुरं कोण होतं?"

"कोन नाय," काशीमावशी म्हणाली. "सगली उजव्या हातान जेवतात."

"जेवायचं सोडून. बाकी सगळं?"

दोघी विचार करायला लागल्या. एका हातात स्क्रू होते, दुसरा हात मोकळा होता. आणि मी बघत असताना हिरामावशीचा तो मोकळा हात हळूहळू वर गेला आणि तिच्या उजव्या कानावर थांबला. शेजारी काशीमावशीचा हातही तिच्या उजव्या कानावर होता.

समोर उभं राहून डाव्या हाताने कान धरला की उजवाच हाती येतो.

"म्हातारी," हिरामावशी म्हणाली.

"म्हातारी," काशीमावशी म्हणाली. आणि मग कितीतरी वर्षांत पहिल्यांदा ती थेट जावेकडे वळली. "हिरे, सुकतीला पानी उतरलं की ती टोपली घेऊन कालवं काढायला जायची."

"आन कालवं कदी आनली?"

"नाय आनली. रावस आनायची. बोलायची, बहिणीन धाडला."

"बहिणीचं नाव काय होतं गो?"

काशीमावशीने खूप आठवून बघितलं. मग ती खाली धक्क्यावर बसली, स्क्रूंचा हात तेवढा वर धरून. "तिला बहीण नवतीच," ती म्हणाली. "आपून इतकी वर्सं कुनाच्या बहिणीला सुकट धाडली?"

त्यानंतर कोण काय बोललं ते सांगता येणार नाही. हसताना दोघींना श्वास पुरेना. एकीला आठवायचं, दोरी ओली दिसली की म्हातारी कानात सांगायची, बघ, काशी जाऊन आली. दुसरीला आठवायचं, तेच वाक्य, नाव मात्र हिराचं. दर्या कोपतो, बायांनी जायचं नाही. म्हणजे खडकावरची गरवायची जागा म्हातारीची एकटीची. धक्क्यावरच्या म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या आणि माइकवाल्याने हे सगळं खाडीला ऐकवलं होतं.

शेवटी त्यानेच आठवण केली की भरती लागली आहे, स्पर्धा सुरू करायची आहे, या रिळावर नाव कोणाचं लिहू?

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग हिरामावशीने माझं डावं मनगट धरून वर केलं, निवडणुकीत जिंकलेल्या माणसाचं करतात तसं. "ज्या हाताची सवय हाय त्याच हातान," ती म्हणाली. "आयचा शब्द."

मी म्हणाले, नको, मला जमणार नाही. कारण विचारलं तेव्हा माझ्या तोंडून खरं निघून गेलं. "मी आयुष्यात कधी मासा धरलेला नाही." माइक अजून तिथेच होता.

मला वाटलं, गेली माझी सगळी गिऱ्हाइकं. मग काशीमावशी उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "नाय येत तर येल. आमी दोगी कशाला हाव?"

आमी दोगी. हिरामावशीनेही ते ऐकलं, पण तिने तसं दाखवलं नाही. ती माझ्या गळाला कोळंबी लावत होती.

मी जीभ तिच्या जुन्या जागी, जुन्या बाजूने बसवली. त्यांच्या तळव्यांवरून स्क्रू घेतले, प्रत्येक आपल्या भोकात गेला. एक मावशी माझ्या डाव्या खांद्याशी, एक उजव्या. मी टाकलं. चक्रीने जेवढा हट्ट करायचा तेवढाच केला. सगळी रांग माझ्या हाताकडे बघत होती आणि मला ते जाणवायला वेळच मिळाला नाही, कारण दोरी हलली. मग ओढली गेली. आणि कर्रर्र असा तो भरीव आवाज माझ्या डाव्या हातातून खांद्यापर्यंत आला. इतकी वर्षं मी हा आवाज टेबलावर ऐकत होते. त्याच्या पलीकडच्या टोकाला कोणीतरी असतं हे मला माहीत होतं, पण कळलं तेव्हा.

"घे, घे, सोडू नको." "सोड जरा, मग घे." एक कान एकीचा, एक दुसरीचा. मी दोघींचं ऐकलं आणि दोन्ही केलं. मासा वर आला.

तो केंड होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा मासा कोणी खात नाही, विषारी असतो, आणि चिडला की पोट फुगवून चेंडू होतो. माझा केंड दोरीला लटकत होता, गोल गरगरीत, गाल फुगवून, आणि आम्हा तिघींकडे अशा संतापाने बघत होता की मी दांडी लांब धरली.

काशीमावशी त्याच्याकडे निरखून बघत राहिली.

"हिरे," ती हळूच म्हणाली, "आय आली."

स्पर्धा कोणी जिंकली ते मला आठवत नाही. आम्ही केंडाला हात जोडून परत सोडलं.

रीळ आता माझ्या गाळ्यात असतं, फळीवर नाही, दाराशेजारच्या खिळ्याला. नवी जीभ करून देतो असं काकांनी सांगून बघितलं, उजव्या हाताचीही सोय होईल म्हणून. दोन्ही मावश्यांनी नको म्हटलं. काकांना केंडाची गोष्ट मी सांगितली तेव्हा त्यांनी लेथ बंद करून ती पूर्ण ऐकली आणि एवढंच विचारलं, "फोटो काढलंस?" प्रत्येक स्क्रूचा फोटो काढणाऱ्या मी तो काढला नव्हता.

रविवारी भरती सोयीची असली की मी वेसाव्याला जाते. दोघी माझ्या दोन बाजूंना बसतात आणि आता एकमेकींशी थेट बोलतात, त्यामुळे भांडण जास्त वेगाने होतं. सध्याचं भांडण हे आहे की मला गरवायला शिकवलं कोणी. हिरामावशी म्हणते, कोळंबी मी लावून दिली. काशीमावशी म्हणते, सोड जरा हे मी बोलले, म्हणून मासा आला. त्या माझ्याकडे निकाल मागतात आणि मी चक्रीकडे बघत बसते. पण माझं टाकणं चुकलं की दोघींचं लगेच एकमत होतं आणि दोघी एकदम माझा कान धरतात. एक डावा, एक उजवा. संध्याकाळी मी दोन्ही कान लाल करून कांदिवलीला परतते, आणि आईला सांगते, ऊन फार होतं.